मुखवट्यावर आरोपपत्र

यंदाच्या शिमग्यानंतर मोखाड्याच्या बोहाड्याला आम्ही मुद्दाम गेलो होतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना बोहाडा म्हणजे काय हे सांगावयास नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढेच, की संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगे नाचत येतात. गणपती येतो, शारदा येते, नारद येतो. मग राक्षस येऊ लागतात. काही सोंगे ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असतात. पहाटेच्या सुमारास महिषासुर देवीशी लढला, पोरे किंचाळून आयांच्या पदरात शिरली, आणि तो धारातीर्थी पडला. तासाभराने तोच गृहस्थ, कपाळावर मुखवट्याच्या दोरीचा वळ तसाच, चहाच्या टपरीवर आम्हांस भेटला आणि म्हणाला, "फादर, घ्या ना चहा." चहाचे पैसेही त्यानेच दिले. गावातल्या एकाही माणसाला त्याची भीती वाटली नाही. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या राक्षस निपजत आहेत, तेव्हा या कुटुंबावर नजर ठेवावी, असा अर्ज कोणी पोलीस ठाण्यात दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अक्षरशत्रू म्हणून ज्यांची आपण कीव करतो त्या वारली, कोकणा आणि कातकरी म्हाताऱ्यांना सोंग आणि माणूस यांतला फरक कळतो. तो शिकल्यासवरल्या, कायदा जाणणाऱ्या मंडळींना का कळेनासा झाला आहे, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय.

निमित्त झाले ते एका मुलाचे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, जव्हारला महाविद्यालयात शिकणारा, एकोणीस वर्षांचा. त्याने मोबाइलवर एक रॅप गाणे रचले आणि मित्रांकडून त्याचे चित्रण करून घेतले. विषय पाण्याचा. मोडक सागर १९५७ पासून मुंबईची तहान भागवतो. मध्य वैतरणेचे धरण तर मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याजवळ आहे. आणि त्याच तालुक्यात उन्हाळा आला की बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. हे काही गुपित नव्हे. मुलाने गाण्यात काय म्हटले? भिंतीला भगदाड पाडीन, पाण्याला घरी आणीन, असे काहीसे म्हटले. मागे धरणाची भिंत दिसते, पुढे हा हातात पहार घेऊन उभा. पहार घरचीच, कुंपणाचे खड्डे खणायची. गाणे काही हजार लोकांनी पाहिले. मग कोणा 'जबाबदार' नागरिकाने ते पोलिसांना दाखवले. मुलाला बोलावण्यात आले, दुपारभर बाकावर बसवण्यात आले, गाणे पुसून टाकावयास लावले आणि एका कागदावर सही घेण्यात आली. त्या कागदावर काय लिहिले होते हे त्याला सांगता येईना. ज्यांनी हे केले ते दुष्ट नव्हते. एकाने त्याला भजीही खाऊ घातली. पण निघताना त्याला जे सांगण्यात आले ते आमच्या मनातून जात नाही: उद्या जलवाहिनीला कोणी साधे भोक जरी पाडले, तरी पहिले नाव तुझे, पुरावा आमच्याकडे आहे.

मुलगा आम्हांस म्हणाला, "फादर, मी काय फोडलंय? नुसतं बोललो ना."

वाचकहो, या 'नुसते बोललो' आणि 'पुरावा आहे' यांच्यामध्ये जी दरी आहे तिच्यात जगभर किती तरी तरुण माणसे पडली आहेत.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकतो. आम्हांस रॅप आवडत नाही. आमचे कान गुरुविद्यालयात ग्रेगोरियन गायनावर आणि पुढे भजन-कीर्तनावर तयार झाले. या गाण्यांत शिव्या असतात, फुशारकी असते, बाईविषयी जे बोलले जाते ते पुष्कळदा ऐकवत नाही. आमच्या धर्मग्रामातील पालक तक्रार करतात तेव्हा आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. अंधेरीच्या जे. बी. नगरात वाढलेला विवियन फर्नांडिस नावाचा ख्रिस्ती तरुण 'डिव्हाइन' या नावाने गाऊन देशभर गाजला, २०१९ साली 'गली बॉय' हा चित्रपट त्या दुनियेवर निघाला, तेव्हा 'आपल्यातला मुलगा' म्हणून कौतुक करणाऱ्यांनाही त्याची सगळी गाणी घरात लावता आली नसती. ते असो. आवड-नावड हा एक प्रश्न. आणि ज्याची कला आपल्याला आवडत नाही त्याला तिच्या आधारे तुरुंगात धाडावे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावरून देण्याची खोड माणसाला फार जुनी आहे.

अमेरिकेत ही खोड पद्धतच होऊन बसली. खून, दरोडा, टोळीयुद्ध यांच्या खटल्यांत सरकारी वकील आरोपीच्या रॅप गाण्यांच्या वह्या आणि चित्रफिती ज्यूरीपुढे ठेवतात आणि म्हणतात, पाहा, हा स्वतःच्या तोंडाने काय म्हणतो. न्यू जर्सीतील व्हाँटे स्किनर याच्या खटल्यात त्याच्या मोटारीत सापडलेल्या वह्यांतील पानेच्या पाने ज्यूरीला वाचून दाखवण्यात आली. त्यांतले पुष्कळसे गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेले होते आणि त्यात त्या गुन्ह्याचा उल्लेखही नव्हता. २०१४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: बॉब मार्ले याने शेरीफला गोळी घातल्याचे गाणे लिहिले म्हणून त्याने खरोखरच कोणा शेरीफला मारले असे कोणी मानत नाही, आणि एडगर ॲलन पो याच्या घरची फरशीही कोणी उकरून पाहिली नाही, मग याच मुलाच्या वहीला वेगळा न्याय का? गाण्यातील तपशील आणि प्रत्यक्ष गुन्हा यांच्यात ठोस दुवा असेल तरच ते ज्यूरीपुढे यावे. पुढे कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये यासाठी कायदाच केला. तरीही जॉर्जियात 'यंग थग' या नावाच्या गायकाच्या लांबलेल्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी गाण्यांचे सतरा उतारे सशर्त पुढे येऊ दिले. तेव्हा हा वाद मिटला आहे असे कोणी समजू नये.

या बाबतीत एक प्रयोग आम्हांस विशेष बोलका वाटतो. कॅरी फ्राइड या संशोधिकेने १९९०च्या दशकात १९६० सालच्या एका लोकगीताच्या ओळी घेतल्या. गाणे 'किंग्स्टन ट्रिओ' या गोऱ्या, सभ्य, नीट भांग पाडलेल्या तिघांचे. त्यात एका पोलीस अधिकाऱ्याला ठार मारण्याचा प्रसंग आहे. काही लोकांना त्या ओळी लोकगीत म्हणून दाखवल्या, काहींना ग्रामीण गोऱ्यांचे संगीत म्हणून, काहींना रॅप म्हणून. शब्द तेच. परंतु रॅप म्हणून ज्यांनी वाचल्या त्यांना त्या अधिक धोकादायक वाटल्या. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष तोच. म्हणजे ओळींत जे नव्हते ते वाचणाऱ्याच्या डोक्यातून ओळींत उतरले. पुरावा आरोपीच्या वहीतून येतो असे आपण समजतो, आणि तो येतो न्याय करणाऱ्याच्या पूर्वग्रहातून!

"हे अमेरिकेचे, आपल्याकडे ज्यूरीही नाही आणि टोळीयुद्धाचे रॅपही नाही," असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही आपल्याच घरातले दाखले देतो. ते जुने आहेत, आणि मराठी आहेत.

१८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तो कशावरून? १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुरावरून. त्यात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. समाधीतून उठून महाराज देशाची दुर्दशा पाहतात अशी कल्पना. कवितेतला 'मी' म्हणजे शिवाजी, लिहिणारा कोणी वेगळा, छापणारे टिळक, आणि शिक्षा भोगणारेही टिळकच. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय होते आणि तीन हिंदी. मराठी कविता इंग्रजी भाषांतरातून त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्यांना ती कविता तिच्या भाषेत कळत नव्हती त्यांना ती गुन्हेगारी वाटली, एवढी बाब आपल्या पूर्वजांनी तेव्हा नीट नोंदवून ठेवली आहे. १९०९ साली नाशकात बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळे पाणी झाले तेही कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली म्हणून. कलम बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचे! अपिलात उच्च न्यायालयाने सांगितले की देवादिकांची आणि शिवाजीची नावे हा नुसता आडपडदा आहे, खरा उपदेश तलवार उचलण्याचा आहे. वर्ष सरण्याआधीच, त्या डिसेंबरात, बाबारावांना खटल्याकडे धाडणाऱ्या जॅक्सनचा खून झाला. गाणी कोंडल्याने नाशिक शांत झाले नाही.

येथे एक सूक्ष्म भेद आहे, तो वाचकांनी ध्यानात घ्यावा. टिळक आणि बाबाराव यांच्या बाबतीत कविता हाच गुन्हा मानला गेला. ते अन्यायाचे होते, पण उघड होते: ही कविता, हे कलम, लढा. आज जे होते ते याहून निसरडे आहे. आज गाणे हा गुन्हा नसतो; गुन्हा दुसराच असतो, आणि गाणे त्याच्या शेजारी आणून ठेवतात, जेणेकरून मनुष्य 'तसला' वाटावा. पहिल्या प्रकारात कवीला आपल्या कवितेचे समर्थन तरी करता येते. दुसऱ्यात त्याने कशाचे समर्थन करावयाचे? आपल्या स्वभावाचे?

वास्तविक आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेले तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे: आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य हे, त्याने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा दाखला दिल्याखेरीज, गैरलागू होय (नव्या कायद्याचे कलम ४९). पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही (कलम २३), कारण तो कसा घेतला जातो हे कायदा करणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आता पाहा, पोलिसांपुढे शुद्धीवर, सरळ गद्यात, सही करून दिलेली कबुली चालत नाही. आणि यमक जुळवण्यासाठी, मित्रांच्या टाळ्या मिळवण्यासाठी, तालावर म्हटलेली बढाई मात्र चालावी? पुढच्या दाराने जे आत घेत नाही ते मागच्या दाराने, तेही वाजतगाजत, आत घ्यावयाचे!

आम्ही चौतीस वर्षे पापनिवेदन ऐकत आलो आहोत. खरी कबुली कशी असते हे आम्हांस थोडेफार कळते, असे म्हणण्याचे धाडस करतो. खरी कबुली हळू आवाजात येते, तिच्यात तपशील असतो आणि लाज असते. ती स्वतःला लहान करते. फुशारकी नेमकी उलट असते. जो मनुष्य 'मी दहा जणांना लोळवले' म्हणून ढोल पिटतो त्याने बहुधा एकालाही हात लावलेला नसतो. गावोगावच्या पारावर बसलेल्यांना हे ठाऊक आहे.

आणि आमच्याच प्रार्थनापुस्तकात काय आहे? स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र पाहा. बाबेलच्या नदीकाठचा तो व्याकूळ विलाप शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांपर्यंत जातो आणि ती खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो. १९७१ साली नित्यप्रार्थनेची नवी मांडणी झाली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे तिच्यातून वगळण्यात आली, कारण त्यांतले शाप आजच्या मनाला सोसत नाहीत. वगळली ती प्रार्थनेच्या क्रमातून. पवित्र शास्त्रातून नव्हे. ती तेथेच आहेत, कारण चिरडलेल्या माणसाचा संताप देवापुढे बोलता आला पाहिजे, म्हणजे तो हातापर्यंत उतरत नाही, असे मंडळीने मानले. ही स्तोत्रे शतकानुशतके मठामठांतून गाणाऱ्या एकाही संन्याशावर कोणी बालहत्येचा संशय घेतला नाही. आमचे वारली-कोकणा मुलगे मात्र संशयास पात्र!

याहून जवळचा दाखला प्रत्येक ख्रिस्ती वाचकाला ठाऊक आहे. तो ओलांडून पुढे जाता येत नाही. प्रभू येशूविरुद्ध महासभेपुढे साक्षीदार उभे राहिले ते काय घेऊन? मंदिर मोडण्याविषयीचे एक वाक्य घेऊन. योहान स्पष्ट सांगतो की तो आपल्या देहाविषयी बोलत होता. रूपकाला शब्दशः धरले, संदर्भातून उचलले, आरोपीच्या तोंडी किंचित फिरवून घातले, आणि फौजदारी खटल्यात ठेवले. त्या साक्षींचा मेळ बसला नाही, असेही शुभवर्तमानकार मार्क नोंदवतो. तरी व्हायचे ते झालेच.

आता महाराष्ट्राकडे, आणि आजकडे. पुण्याचा कबीर कला मंच हा २००२च्या गुजरात दंगलींनंतर उभा राहिलेला शाहिरी गट. जातीवर, भुकेवर, सरकारवर गाणारा. २०११ पासून त्याच्या काही कलाकारांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटले सुरू झाले. ३१ जानेवारी २०१३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अभय ठिपसे यांनी दीपक डेंगळे आदींना जामीन देताना म्हटले ते सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावे असे आहे: विषमता, भ्रष्टाचार, दुर्बलांची पिळवणूक हे विषय मांडणे म्हणजे दहशतवादी संघटनेचे सदस्यत्व नव्हे, हे विषय तर समाजातील पुष्कळ प्रतिष्ठित माणसेही मांडतात. (शब्द आमचे, आशय न्यायमूर्तींचा.) शीतल साठे व सचिन माळी हे दोघे त्याच वर्षी एप्रिलमध्ये विधानभवनाबाहेर स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले, शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळी आणि आणखी दोघांना तो मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयातून.

मग ३१ डिसेंबर २०१७ ची शनिवारवाड्यावरील एल्गार परिषद आणि तिच्यामागून आलेला खटला. त्यात मंचाच्या तिघांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. त्यांतील ज्योती जगताप हिचा जामीन मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२२ रोजी नाकारला. त्या आदेशात परिषदेतील सादरीकरणाच्या शब्दांची दखल आहे: 'अच्छे दिन'ची टिंगल, गोमूत्र, नोटाबंदी, पंतप्रधानांचे दौरे. न्यायालयाला त्यांत निवडून आलेले सरकार उलथवण्याकडे रोख दिसला. न्यायाने सांगितले पाहिजे की त्या आदेशात केवळ गाणेच नाही. साक्षीदारांचे जबाब आहेत, जंगलातील प्रशिक्षणाचा आरोप आहे. त्या आरोपांतले खरेखोटे खटल्यात ठरावयाचे. त्याविषयी आम्ही एक शब्द बोलणार नाही. आमचा प्रश्न त्या शब्दांच्या यादीपुरता आहे. नोटाबंदीची थट्टा कोणी केली नाही? आमच्या धर्मग्रामाच्या नाताळच्या नाटुकल्यात हेरोद राजाने जुन्या नोटा मोजल्या होत्या आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांनी पोट धरून हसून घेतले होते! थट्टा जर कटाच्या शेजारी बसवली, तर थट्टेचा रंग कटाला लागत नाही, कटाचा रंग थट्टेला लागतो. आणि या कायद्याची मेख अशी की जामिनाच्या वेळी पुरावा तोलून पाहण्यास न्यायालयाला फारसा वाव नाही; २०१९च्या वटाली निकालाने तो आणखी आखूड केला. म्हणून गाण्याचे वजन खटल्यात किती भरेल हा प्रश्न दूर राहतो. ते जामिनाच्या पारड्यात आधीच पडलेले असते. त्या आदेशानंतर तीन वर्षे उलटली तेव्हाही ज्योती तुरुंगातच होती.

याच खटल्यात आमचे फादर स्टॅन स्वामी होते. त्यांनी गाणी गायली नव्हती. त्यांच्या हाती थरथरता पेला होता. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, ८४ व्या वर्षी, बंदी म्हणूनच ते गेले. त्यांच्याविषयी या पानांतून पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच शिक्षा कशी पुरी होते हे आपल्या समाजाने तरी विसरू नये.

ज्यांना शाहिरी परकी वाटते त्यांच्यासाठी शुद्ध रॅपचेही उदाहरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर एकापाठोपाठ गुन्हे दाखल झाले. एकावर अंबरनाथला, दुसऱ्यावर वडाळ्याला. मुंगासेच्या गाण्यात चोर आहेत, खोके आहेत. नाव कोणाचेच नाही. तरी फिर्याद झाली. चोराच्या मनात चांदणे ही म्हण येथे कोणास लागू पडते ते वाचकांनीच ठरवावे.

यावर आमचे एक विद्वान मित्र, पेशाने वकील, आम्हांस म्हणाले, "फादर, मग चित्रफितीचा पुरावाच नको का? पालघरकर होऊन असे कसे म्हणता?" त्यांचा रोख आम्हांस कळला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. ते आपल्या जिल्ह्याच्या कपाळावरचे लांछन आहे. त्या रात्रीच्या मोबाइलवरील चित्रफिती जगाने पाहिल्या. कोण काठी मारतो हे ज्या फितीत दिसते ती पुरावा नाही, असे कोण म्हणेल? परंतु ती फीत कृत्याची आहे. धरणाच्या भिंतीपुढे पहार घेऊन गाणाऱ्या मुलाची फीत ही कृत्याची नव्हे, सोंगाची आहे. एकीत कॅमेरा माणसाला नकळत पाहतो. दुसरीत मनुष्य कॅमेऱ्यासाठी उभा राहतो. दोन्ही एकाच मोबाइलमध्ये असतात एवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. आणि गाण्यात जर खुनाची जागा, वेळ, शस्त्र असे काही आले की जे खुन्यावाचून कोणास ठाऊक असणे शक्य नाही, तर ते न्यायाधीशाने अवश्य पाहावे. आमचा आक्षेप 'हा असे गातो, म्हणजे हा असाच आहे' या एका उडीवर आहे.

फितीच्या खरेपणाविषयी आपली न्यायालये जागरूक आहेत. यंत्रात साठवलेल्या पुराव्याला प्रमाणपत्र हवे, हा २०१४ चा पी. व्ही. अन्वर यांच्या प्रकरणातील निकाल मुळात केरळातील निवडणुकीच्या प्रचारगीतांवरून आणि भाषणांवरून आला: प्रमाणपत्राविना दाखल केलेल्या तबकड्या बाजूस ठेवल्या गेल्या. जालन्याच्या निवडणुकीवरून २०२० साली खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात ते तत्त्व पुन्हा पक्के झाले. म्हणजे फीत अस्सल आहे काय, हे विचारण्याची सोय झाली. फितीतले गाणे अस्सल सत्य सांगते काय, हे विचारण्याची सोय कोणी करावयाची? प्रमाणपत्र यंत्राचे असते, यमकाचे नसते.

अलीकडे मात्र एक आशेचा किरण दिसला. गुजरातेत जानेवारी २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका चित्रफितीतील कवितेवरून गुन्हा दाखल झाला. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसावर काय होईल यावरून मोजावा, प्रत्येक शब्दाला बिचकणाऱ्यावरून नव्हे, हे जे त्यांनी सांगितले त्याचे मूळ आपल्याच नागपुरात आहे, स्वातंत्र्यापूर्वी न्या. व्हिव्हियन बोस यांनी तेथील उच्च न्यायालयात ते प्रथम मांडले. पण लगेच हुरळून जाऊ नये. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरील मराठी कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत छापली गेली. तिचा खटला लातूरपासून फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयात २०१५ साली पोहोचला. माफी मागितलेले प्रकाशक सुटले आणि कवीने मात्र खटल्याला तोंड द्यावे असे ठरले. एकवीस वर्षे एका कवितेला!

आता आमच्या डोंगराकडे परत येतो. पुण्या-मुंबईच्या कलाकाराला वकील मिळतो, वृत्तपत्रे मिळतात. जव्हारच्या मुलाला काय मिळेल? त्याचे गाणे निम्मे वारली बोलीत आहे. उद्या ते कोर्टापुढे आले तर त्याचे भाषांतर कोण करणार? टिळकांच्या वेळी मराठीचे इंग्रजी झाले. येथे वारलीचे मराठी होईल, आणि करणारा बहुधा खाली शहरातून बदलून आलेला, बोली आठ महिने ऐकलेला असेल. 'फोडीन' हा शब्द या बाजूला आई मुलाला दिवसातून दहा वेळा म्हणते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची बालके कुपोषणाने गेली तेव्हा देशभर हलकल्लोळ माजला. त्या मातांनी जी गाऱ्हाणी गायली असतील ती कोणी लिहून घेतली नाहीत. आज त्यांचे नातू स्वतः लिहितात, स्वतः गातात, स्वतः चित्रण करतात, हे आम्हांस वाईट वाटावे की चांगले? आणि १९४५च्या वारली उठावाची आठवण ज्या मातीत आहे तेथे संतापाचे गाणे ऐकून कान टवकारणाऱ्यांनी, ते गाणे ज्या कोरड्या विहिरीवरून आले तिकडे आधी का पाहू नये?

आमच्या धर्मग्राम समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठाने सुचवले की मुलाने यापुढे भक्तिगीते गावीत. सूचना प्रेमाची होती. आम्ही ती मान्य केली नाही. मुलाने गाणे पुसले होते, पण मित्राच्या मोबाइलमध्ये एक प्रत उरली होती. ती घेऊन आम्ही दोघे दोन संध्याकाळ बसलो. तो एकेक ओळ म्हणे, आम्ही ती बोलीत उतरवून खाली प्रमाण मराठीत अर्थ लिहू. जेथे शब्द दोन अर्थांचा तेथे दोन्ही अर्थ लिहू. पहार कोणाची, चित्रण कोणत्या दिवशी, यमक कोणत्या शब्दासाठी, तेही टिपू. एके ठिकाणी आमचा अर्थ चुकला तेव्हा तो मोठ्याने हसला. साडेसात पाने झाली. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी अंगठे उठवले, आम्ही सही केली, तारीख घातली. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ज्या कपाटात असतात त्यातच ती पाने ठेवली आहेत. आमची बदली झाली तर येणाऱ्या धर्मगुरूंसाठी किल्लीला चिठ्ठी बांधली आहे.